वेगवान चिपला अनेक संथ बस-उपकरणं जोडताना: वेगळ्या तारा की एकच बस?

तरंगलांबी

नमस्कार मंडळी. डिझाइन अजून कागदावरच आहे, बोर्डावर तारा ओढायच्या आहेत, म्हणून आत्ताच विचारून घेते.

स्वतःची एक चिप करतेय. आत छोटा रिस्क-फाइव्ह प्रोसेसर, त्याच्या शेजारी कंट्रोल लूपचा (सेन्सरचे आकडे वाचून यंत्र सतत सावरणारा) एक ब्लॉक, सगळं २०० मेगाहर्ट्झवर. आधी एफपीजीएवर (हवं ते सर्किट पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या चिपवर) चालवून पाहायचं, मग एसिक, म्हणजे कायमची बनवलेली चिप, म्हणून पाठवायचं. बाहेर जोडायची उपकरणं मात्र सगळी सावकाश. आयटूसीवर (एससीएल हा क्लॉक आणि एसडीए हा डेटा, अशा दोनच तारांची बस) चार: एमपीयू-६०५० (जायरो, फिरण्याचा वेग मोजणारा), डीएस३२३१ (आरटीसी, म्हणजे घड्याळ), २४एलसी२५६ (ईईप्रॉम, वीज गेली तरी टिकणारी मेमरी) आणि बीएमई२८० (हवेचा दाब, तापमान, आर्द्रता). एसपीआयवर (एससीएलके हा क्लॉक, मोसी-मिसो या डेटा जाण्या-येण्याच्या तारा आणि उपकरण निवडणारी सीएस) एमसीपी३००८ ही एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी) दोन. शिवाय पाच व्होल्टवरचा एक ८२सी५५ए (२४ इनपुट-आउटपुट तारा देणारी जुनी चिप), आठ बिटांच्या पॅरलल बसवर, कारण त्याच्या पलीकडचं यंत्र जुनं आहे आणि ते तसंच राहणार.

डोक्यात तीन गोष्टी घोळतायत. प्रत्येक बससाठी २०० मेगाहर्ट्झचा क्लॉक भागून वेगळा क्लॉक काढायचा का? चारही आयटूसी उपकरणं दोनच तारांवर बसतात, मग तसंच ठेवावं का? आणि ही उपकरणं उत्तर देईपर्यंत प्रोसेसरने करायचं काय? कंट्रोल लूपला जायरोचा ताजा आकडा दर मिलिसेकंदाला लागतो, ही एकच अट पक्की आहे. बाकी सगळ्यावर मोकळेपणाने सुचवा.

अर्धवाहक

तारा ओढायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. क्लॉक भागून नवा क्लॉक काढू नका. काउंटरच्या आउटपुटवर फ्लिपफ्लॉप (क्लॉकच्या कडेला एक बिट धरून ठेवणारे घटक) चालवायला लागलात की प्रत्येक बसगणिक एक नवं क्लॉक डोमेन, म्हणजे वेगळ्या क्लॉकवर चालणारा भाग, जन्माला येतं आणि त्या प्रत्येकाच्या सीमेवर पहारा ठेवावा लागतो. त्याऐवजी सगळं लॉजिक एकाच २०० मेगाहर्ट्झवर ठेवा आणि काउंटरमधून क्लॉक-इनेबल काढा, म्हणजे ठरावीक टिकांनी (क्लॉकच्या ठोक्यांनी) एकदा वर जाणारा एका टिकेचा सिग्नल. एससीएल आणि एससीएलके यांना क्लॉक म्हणून वागवायचंच नाही. तुमच्यासाठी ती फ्लिपफ्लॉपमधून बाहेर जाणारी साधी आउटपुट आहेत.

आकडे मांडून बघा. एक टिक ५ नॅनोसेकंदांची. आयटूसी ४०० किलोहर्ट्झवर म्हणजे एक बिट २.५ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे ५०० टिका. एका बिटाला ५०० वेळा बघायची संधी असताना बाहेरून येणारा सिग्नल दोन फ्लिपफ्लॉपमधून आत घेतला आणि १० नॅनोसेकंद उशीर झाला, तर काहीच बिघडत नाही. मेटास्टेबिलिटीचा (बदलत्या क्षणीच पकडलेला बिट ना शून्य ना एक असा लटकण्याचा) बंदोबस्त तेवढ्यात होतो. फास्ट मोडच्या (आयटूसीच्या ४०० किलोहर्ट्झच्या) नियमाप्रमाणे ५० नॅनोसेकंदांपर्यंतचे काटे, म्हणजे क्षणिक खोटे बदल, गाळावे लागतात. तेही सोपं आहे: सलग १० टिका सिग्नल एकाच पातळीवर दिसला तरच बदल झाला असं माना.

तुमच्या यादीतलं एकही उपकरण स्वतःचा क्लॉक घेऊन येत नाही, सगळ्यांना क्लॉक किंवा स्ट्रोब तुम्हीच देताय. म्हणून हे इतकं सरळ आहे. उद्या कॅमेरा सेन्सरसारखं काही जोडलंत, जे स्वतःच्या पिक्सेल क्लॉकवर डेटा ढकलतं, तर मात्र ग्रे कोडचे (एका वेळी एकच बिट बदलणारे) पॉइंटर असलेला असिंक्रोनस फिफो, म्हणजे दोन वेगळ्या क्लॉकांमधली डेटाची रांग, लागेल. तोवर त्याच्या वाटेला जाऊ नका.

निळी वायर

अर्धवाहक यांच्याशी सहमत. तारांच्या बाजूचं मी लिहितो.

आधी पत्ते. डीएस३२३१ चा पत्ता हेक्स ६८, तो बदलता येत नाही. एमपीयू-६०५० चाही मूळ पत्ता हेक्स ६८. त्याची एडी० ही पिन वर ओढलीत की तो ६९ होतो, तेव्हा ती आत्ताच सर्किटमध्ये वर बांधून टाका. ईईप्रॉम ५० ते ५७ मध्ये कुठेही बसेल. बीएमई२८० ला ७६ किंवा ७७. पुढे टीसीए९५४८ए सारखा आठ वाटांचा स्विच घालायचा विचार केलात तर त्याचे पत्ते ७० ते ७७ आहेत, म्हणजे वरच्या दोन पत्त्यांवर बीएमई२८० शी टक्कर. तो ७० वरच ठेवावा.

मग पुल-अप, म्हणजे तार एरवी वर ओढून ठेवणारा रोधक. ३.३ व्होल्टवर ३ मिलिॲम्पियरची मर्यादा धरली तर रोधक किमान (३.३ वजा ०.४) भागिले ०.००३, म्हणजे साधारण ९६७ ओहम. कमाल किती हे तारेच्या कपॅसिटन्सवर ठरतं: राइज टाइम (कडा वर चढायला मिळणारा वेळ) भागिले (०.८४७३ गुणिले कपॅसिटन्स). फास्ट मोडला राइज टाइम ३०० नॅनोसेकंद. तारेवर २०० पिकोफॅरड असतील तर १७७० ओहमच्या आसपास. म्हणजे खेळायला जागा फक्त ९६७ ते १७७० एवढीच. ४०० पिकोफॅरडला तर कमाल आकडा किमानाच्याही खाली जातो, गणित जुळतच नाही.

आता प्रोटोटाइपला तुम्ही तयार मॉड्यूल वापरणार असाल. त्यांतल्या बऱ्याच मॉड्यूलांवर आधीच ४.७ किलोओहमचे पुल-अप बसवलेले असतात. चार मॉड्यूल समांतर आली की ११७५ ओहम, अजून चालतंय. सहा आली की ७८३, म्हणजे मर्यादेबाहेर. मॉड्यूल वाढवताना जुन्यांवरचे रोधक काढायला विसरू नका.

एफपीजीएच्या आतल्या पुल-अपवर आयटूसी चालवायचा मोह टाळा. ते फार अशक्त असतात, कडा इतक्या सावकाश चढतात की ४०० किलोहर्ट्झचं नाव घेऊ नये.

उगवती कडा

दुसऱ्या प्रश्नावर माझं मत ठाम आहे: चारही उपकरणं एका बसवर नकोत. पत्ते जुळले, पुल-अप जुळले, तरी नकोत. कारण वेळेचं आहे, आणि हे गणित लोक सहसा बस चालू झाल्यावर मांडतात.

जायरोचं एक पूर्ण वाचन बघू. एमपीयू-६०५० मध्ये रजिस्टर हेक्स ३बी पासून ४८ पर्यंत सलग १४ बाइट असतात: तीन अक्षांचा त्वरण, तापमान, तीन अक्षांचा जायरो. ते एका दमात वाचायचे. आधी उपकरणाचा पत्ता, मग रजिस्टरचा क्रमांक, मग पुन्हा स्टार्ट देऊन पत्ता, मग १४ बाइट. एकूण १७ बाइट, प्रत्येकाला ॲकसकट (ॲक म्हणजे बाइट मिळाल्याची पोच देणारा बिट) ९ बिट, म्हणजे १५३, वर स्टार्ट-स्टॉपचे दोनेक. ४०० किलोहर्ट्झवर साधारण ३८८ मायक्रोसेकंद. दर मिलिसेकंदाला एक वाचन म्हणजे जवळजवळ ३९ टक्के बस एकट्या जायरोने खाल्ली. इथवर ठीक आहे, ६१० मायक्रोसेकंद शिल्लक दिसतात.

आता ईईप्रॉममध्ये एक पान लिहा. २४एलसी२५६ चं पान ६४ बाइटांचं. पत्त्याचा १, आतल्या जागेचे २, डेटाचे ६४: एकूण ६७ बाइट, ६०३ बिट, दीड मिलिसेकंद. आयटूसीचा व्यवहार मध्येच थांबवून दुसऱ्याला वाट देता येत नाही. मध्ये स्टॉप दिलात तर ईईप्रॉम तिथवरचंच लिहायला घेईल. म्हणजे पानाचं लेखन सुरू झालं की जायरोचं निदान एक वाचन हुकलंच, आणि कंट्रोल लूपची एकमेव पक्की अट तिथेच मोडली.

म्हणून तारा वाटून घेताना मी प्रोटोकॉल बघत नाही, सरासरी वापरही बघत नाही. दोनच गोष्टी विचारते: हे उपकरण किती वेळ वाट पाहू शकतं, आणि त्याच तारेवरच्या शेजाऱ्याचा सगळ्यात लांब व्यवहार किती वेळाचा आहे. दुसरा आकडा पहिल्याहून मोठा निघाला की ती दोघं एका तारेवर नांदणार नाहीत.

माझी वाटणी: जायरो एकटा स्वतःच्या आयटूसीवर. आरटीसी, ईईप्रॉम आणि बीएमई२८० दुसऱ्यावर. ती तिघं दीड मिलिसेकंद आरामात थांबतील.

निळी वायर

@उगवती कडा, गणित पटलं. पण एक वेगळी वाट सुचवतो. ईईप्रॉमचं लेखन १६-१६ बाइटांच्या तुकड्यांत करा. १९ बाइट, १७१ बिट, ४२८ मायक्रोसेकंद. ते जायरोच्या दोन वाचनांच्या मधल्या ६१० मध्ये बसतं. कंट्रोलरमध्ये एक शेड्यूलर ठेवला, "पुढच्या वाचनाला पुरेसा वेळ उरलाय का" एवढं बघणारा, की एका बसवर काम भागतं. दोन पिना वाचतात.

उगवती कडा

बसतं, पण त्याची किंमत ईईप्रॉम मोजतो. प्रत्येक तुकड्यामागे आतल्या लेखनाचे कमाल ५ मिलिसेकंद जातात. एकाच पानासाठी चार वेळा ५. आणि त्याहून महत्त्वाचं: या ईईप्रॉममध्ये पानाचा थोडासा भाग लिहिला तरी आत अख्खं पान नव्याने लिहिलं जातं, टिकाऊपणा पानागणिक मोजला जातो. एक पान चार तुकड्यांत लिहिलंत तर झीज चौपट. वर्षानुवर्षं नोंदी लिहिणाऱ्या यंत्रात हे मला मान्य नाही.

आणखी एक. आतलं लेखन चालू असताना ईईप्रॉम बस अडवत नाही, तो फक्त स्वतःच्या पत्त्याला ॲक देत नाही. पण कंट्रोलर "झालं का, झालं का" म्हणून सतत पत्ता टाकत राहिला तर बस त्या विचारण्यानेच भरते. ५ मिलिसेकंद म्हणजे तुमच्या चिपच्या १० लाख टिका, घाई कसली? ५ मिलिसेकंदांचा टायमर लावा आणि एकदाच विचारा.

निळी वायर

झिजेचा मुद्दा बिनतोड. मागे घेतो. दोन बस.

मूकवाचक

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज विचारतो. जायरो जर एवढा महत्त्वाचा आहे तर तो आयटूसीवर ठेवायचाच कशाला? एसपीआय वेगवान असतं ना?

उगवती कडा

रास्त प्रश्न. एमपीयू-६०५० ला फक्त आयटूसी आहे. त्याचाच भाऊ एमपीयू-६००० एसपीआयही बोलतो, रजिस्टरांसाठी १ मेगाहर्ट्झपर्यंत, आणि सेन्सरची रजिस्टरं नुसती वाचायची असतील तर २० पर्यंत. १ मेगाहर्ट्झवरही १५ बाइट, १२० बिट, १२० मायक्रोसेकंदांत वाचन आटोपतं. बोर्ड नवा असेल आणि तो भाग हाती असेल तर विचार जरूर करावा. पण दर मिलिसेकंदाला एकदा एवढीच गरज असेल तर ३८८ मायक्रोसेकंदांनीही अडत नाही. अडतं ते शेजाऱ्यामुळे.

अर्धवाहक

तिसरा प्रश्न बाकी आहे आणि माझ्या मते या धाग्यातला तोच सगळ्यात खोल आहे: प्रोसेसरने काय करायचं?

सोपी वाट अशी की आयटूसी कंट्रोलर एपीबी बसवर (चिपच्या आतली, प्रोसेसरला बाकी ब्लॉक जोडणारी साधी बस) लावायचा, प्रोसेसर रजिस्टर वाचायला आला की पीरेडी ("उत्तर तयार" हा सिग्नल) खाली धरायचा, आणि खरा डेटा आला की सोडायचा. आम्बाच्या (एपीबी ज्यात येते त्या मानकाच्या) तिसऱ्या आवृत्तीपासून एपीबीला पीरेडी आहे, म्हणजे नियमाने हे चालतं. पण ३८८ मायक्रोसेकंद म्हणजे ७७,६०० टिका. तेवढा वेळ प्रोसेसर एका वाचनावर खिळलेला, आणि त्या ब्रिजच्या मागे असलेलं बाकी सगळंही गप्प. २०० मेगाहर्ट्झची चिप घेऊन ती ४०० किलोहर्ट्झने चालवल्यासारखं होतं. वेट-स्टेट (असं थांबवून ठेवणं) हे दोनचार टिकांच्या फरकासाठी असतात, सत्तर हजारांच्या नव्हे.

त्यापेक्षा प्रत्येक संथ बससमोर एक छोटं स्वतंत्र इंजिन बसवा. जायरोचं इंजिन कुणी न सांगता दर मिलिसेकंदाला १४ बाइट वाचतं आणि चिपच्या आतल्या शॅडो रजिस्टरांत (उपकरणातल्या आकड्यांची प्रत ठेवणाऱ्या) ठेवतं. प्रोसेसर किंवा कंट्रोल लूप ती शॅडो रजिस्टरं वाचतो, एपीबीच्या नेहमीच्या दोन टिकांत. बाहेर किती वेळ लागला याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

पण शॅडो रजिस्टरं दोन संच हवीत. एकच संच ठेवलात तर इंजिन नवे बाइट भरत असताना लूपने वाचलं की एक्स अक्षाचा आकडा नव्या वाचनातला आणि झेड अक्षाचा जुन्यातला, असा सांधलेला नमुना मिळतो. कधी कधी तर १६ बिटांच्या एकाच आकड्याचा वरचा बाइट नवा आणि खालचा जुना. आकडा ०० एफएफ वरून ०१ ०० वर जात असताना वरचा नवा आणि खालचा जुना पकडलात तर ०१ एफएफ दिसेल: २५६ च्या जागी ५११. लूप त्यावर जोरात प्रतिक्रिया देईल आणि तुम्ही जायरोला दोष देत बसाल. म्हणून इंजिन मागच्या संचात भरतं, १४ वा बाइट आला, सगळे ॲक नीट मिळाले, मग एकाच टिकेत कोणता संच पुढे हे सांगणारा बिट उलटतो. वाचणाऱ्यानेही वाचन सुरू करताना तो बिट धरून ठेवायचा, म्हणजे मध्येच उलटला तरी त्याचं वाचन एकाच संचातून पुरं होतं. सोबत एक टाइमस्टॅम्प ठेवा. वाचन अयशस्वी झालं तर जुना संच तसाच राहतो, आणि टाइमस्टॅम्पवरून लूपला कळतं की आकडा शिळा आहे.

लेखनाची दिशा वेगळी. तिथे फिफो ठेवा: प्रोसेसर आज्ञा टाकून मोकळा होतो, इंजिन सवडीने बसवर पाठवतं. यात एकच गुंता आहे. उपकरणाने ॲक दिला नाही हे कळेपर्यंत प्रोसेसर कुठच्या कुठे पुढे गेलेला असतो. म्हणून प्रत्येक आज्ञेला क्रमांक द्या आणि निकाल त्याच क्रमांकाने दुसऱ्या छोट्या फिफोत परत द्या. नुसता "काहीतरी चुकलं" असा एक चिकट बिट ठेवलात तर कोणती आज्ञा पडली हे शोधणं मुश्कील होतं.

शून्य-एक

वाखू (वाचनखूण) साठवली. अर्धवाहक, दोन संचांचा प्रतिसाद वेगळा लेख व्हावा असा आहे.

एसपीआयबद्दल माझी भर. एमसीपी३००८ ची कमाल गती व्होल्टेजवर अवलंबून आहे: ५ व्होल्टला ३.६ मेगाहर्ट्झ, २.७ व्होल्टला १.३५. तुम्ही ३.३ वर आहात, तेव्हा खालचाच आकडा धरा. २०० ला १६० ने भागलं की १.२५ मेगाहर्ट्झ, सुरेख बसतं. तीन बाइटांचा व्यवहार १९.२ मायक्रोसेकंदांत होतो.

पण या एडीसीला किमान गतीही आहे, आणि संथ उपकरण म्हटलं की हे कुणाच्या मनातही येत नाही. सॅम्पल घेऊन झाल्यावर आतल्या कपॅसिटरवरचा भार हळूहळू गळतो. डेटाशीट सांगतं की सॅम्पल संपल्यापासून १.२ मिलिसेकंदांच्या आत सगळे दहा बिट बाहेर काढा. म्हणजे इंजिनने पहिला बाइट पाठवला, पुढचा बाइट प्रोसेसरकडून यायचा होता, प्रोसेसर इंटरप्टमध्ये अडकला आणि सीएस तसाच खाली राहिला, तर येणारा आकडा चुकीचा असेल आणि चूक कुठेच दिसणार नाही. तेव्हा तिन्ही बाइट हाती आल्याशिवाय इंजिनने सीएस खाली घेऊच नये.

दोन्ही एडीसी एकाच एससीएलके, मोसी, मिसोवर चालतील, फक्त सीएस वेगळे. उगवती कडा यांच्या कसोटीनेही इथे हरकत नाही, शेजाऱ्याचा सगळ्यात लांब व्यवहार १९.२ मायक्रोसेकंदांचाच आहे. सीएसना बाहेरून पुल-अप द्या, नाहीतर चिप रीसेटमध्ये असताना दोन्ही सीएस तरंगतील आणि दोन एडीसी एकाच मिसोवर भांडतील.

तरंगलांबी

इतक्या लवकर एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. दोन आयटूसी नक्की. शॅडो रजिस्टरांचे दोन संच नक्की. एडी० वर बांधते.

८२सी५५ए बद्दल कुणीच बोललं नाही. तो मोड शून्यमध्येच (साधं इनपुट-आउटपुट) वापरायचा आहे, पलीकडे रिले आणि लिमिट स्विच. ३.३ आणि ५ व्होल्ट एकमेकांशी जुळवायला टीएक्सबी०१०८ घ्यावा का? दिशा आपोआप ओळखतो म्हणतात.

निळी वायर

टीएक्सबी०१०८ नको. तो दिशा ओळखतो ते पिनेवरच्या कडा बघून, आणि स्थिर अवस्थेत त्याचं आउटपुट फार कमजोर असतं. तारेवर पुल-अप असेल किंवा लांब केबल असेल तर तो गोंधळतो. (आयटूसीला तर तो अजिबात लावू नये. तिथे टीएक्सएस जातीचा किंवा साधा मॉसफेटवाला.) तुमच्या पॅरलल बसला दिशा तुम्हालाच माहीत असते, वाचताना आत, लिहिताना बाहेर. मग ओळखायला का लावायचं? ७४एलव्हीसी८टी२४५ घ्या, दोन्ही बाजूंना वेगळा पुरवठा, दिशेची पिन तुमच्या हातात. ८२सी५५ए च्या इनपुटांना २ व्होल्ट पुरतात, तेव्हा पत्ता, आरडी (वाचायचा सिग्नल), डब्ल्यूआर (लिहायचा), सीएस हे ३.३ वरून थेट जातील. धोका फक्त पाच व्होल्ट उलट येण्याचा, म्हणजे डेटाच्या आठ तारा.

वेळा इंटेलच्या ८२सी५५ए-२ प्रमाणे: आरडी किमान १५० नॅनोसेकंद खाली, म्हणजे ३० टिका. डेटा १२० पर्यंत येतो. बफरचा उशीर धरून मी ४० टिका ठेवीन आणि आरडी वर न्यायच्या टिकेलाच डेटा पकडीन. इथवर सगळे करतात. नंतरचं सुटतं: आरडी वर गेल्यावरही उपकरण ७५ नॅनोसेकंदांपर्यंत तारा सोडत नाही. ७५ नॅनोसेकंद म्हणजे १५ टिका. तुमची चिप पुढच्याच टिकेला दिशा फिरवून लिहायला लागली तर १५ टिका बफर आणि ८२सी५५ए एकमेकांविरुद्ध ढकलत राहतील. जुन्या बसवर प्रोसेसरच इतका सावकाश होता की हा प्रश्न यायचा नाही. शिवाय दोन व्यवहारांत २०० नॅनोसेकंद विसावा हवा, ४० टिका. बफरच्या ओईला (त्याचं आउटपुट चालू करणाऱ्या पिनेला) पुल-अप द्या, म्हणजे रीसेटमध्ये तो बंद राहील.

अर्धवाहक

एसिकच्या अंगाने एक बघा. एफपीजीएवर पिना मुबलक, पण एसिकमध्ये पॅड (चिपच्या कडेची, बाहेर तार जोडायची जागा) हीच महागडी वस्तू. आत आणखी एक आयटूसी इंजिन घालायला फार जागा लागत नाही, बाहेर आणखी एक पॅड घालायला लागते.

मोजूया. दोन आयटूसी: ४. एसपीआय: एससीएलके, मोसी, मिसो, दोन सीएस, एकूण ५. ८२सी५५ए: डेटा ८, पत्ता २, आरडी, डब्ल्यूआर, सीएस, रीसेट, वर बफरची दिशा आणि ओई, एकूण १६. बेरीज २५. टायनी टेपआउटसारख्या सामायिक योजनेत (अनेकांची छोटी डिझाइनं एकाच चिपवर) तुमच्या वाट्याला ८ इनपुट, ८ आउटपुट आणि ८ दुहेरी पिना येतात, एकूण २४. म्हणजे तिथे हे मावतच नाही, आणि निम्म्याहून जास्त पिना एकटा ८२सी५५ए घेतोय.

यंत्र बदलता येत नाही हे समजलं. पण ८२सी५५ए तर बदलता येईल? मोड शून्य, रिले, लिमिट स्विच, म्हणजे हँडशेक नाही आणि वेगाचीही घाई नाही. दोन एमसीपी२३एस१७ (पिना वाढवून देणारे एक्स्पांडर) लावा, प्रत्येकी १६ पिना, एसपीआयवर. दोघांना हार्डवेअर पत्ते वेगळे देता येतात, म्हणून एकच सीएस पुरतो. तीन बाइटांचा व्यवहार, एडीसीच्याच तारांवर १.२५ मेगाहर्ट्झने चालवलात तरी १९.२ मायक्रोसेकंद. रिलेला हलायला काही मिलिसेकंद लागतात, त्याला फरक कळणारही नाही.

एक सावधगिरी: एक्स्पांडर ५ व्होल्टवर चालवलात तर त्याला "एक" म्हणून पुरवठ्याच्या ८० टक्के, म्हणजे ४ व्होल्ट लागतात. ३.३ ने भागणार नाही. सीएस, एससीएलके, मोसी वर चढवा आणि मिसो खाली उतरवा. चारही तारांची दिशा ठरलेली आहे, तेव्हा साधे बफर पुरे. पाच व्होल्टच्या बाजूचा मिसो एडीसीच्या मिसोशी थेट जोडू नका, त्या बफरचं आउटपुट एक्स्पांडरच्या सीएसनेच चालू-बंद होऊ द्या.

उगवती कडा

+१. आयटूसीच्या ४ आणि एसपीआयच्या ६, एकूण १० तारा. २५ वरून १०.

तरंगलांबी

हे बघून एकदम हलकं वाटलं. यंत्राच्या बाजूला २४ पैकी १९ च तारा वापरात आहेत, दोन एक्स्पांडरांत सहज मावतात. ८२सी५५ए काढला.

शेवटचा प्रश्न. चाचणी करताना चिप कधीही रीसेट होईल, अगदी आरटीसीचं वाचन चालू असतानाही. वीज बंद-चालू केली की आयटूसी मोकळी होते ना?

अर्धवाहक

डीएस३२३१ च्या बाबतीत होत नाही, आणि हे तुम्ही आत्ता विचारलंत हे मोलाचं आहे. त्याची आयटूसी बॅटरीवरही जिवंत राहते. वाचनाच्या मध्ये वीज गेली आणि त्या क्षणी तो एसडीएवर शून्य देत असेल, तर वीज परत आल्यावरही तो पुढच्या क्लॉकची वाट बघत शून्यच धरून बसतो. एसडीए खाली, म्हणून तुमचं इंजिन स्टार्ट देऊ शकत नाही. क्लॉक नाही, म्हणून तो सोडत नाही. अशी बस बॅटरी काढेपर्यंत अडकू शकते.

उपाय डेटाशीटातच दिलाय: एसडीए वर दिसेपर्यंत एससीएल हलवत राहा, मग स्टार्ट द्या. जास्तीत जास्त ९ क्लॉक लागतात. हे सॉफ्टवेअरवर सोडू नका. इंजिनच्या स्टेट मशीनमध्ये रीसेटनंतरची पहिली अवस्थाच ही ठेवा: एसडीए तपासा, खाली असेल तर ९ पर्यंत क्लॉक, मग स्टार्ट आणि स्टॉप, आणि त्यानंतरच "तयार" बिट वर. सगळ्या उपकरणांना चालतं, ४०० किलोहर्ट्झवर पंचवीसेक मायक्रोसेकंदांचं काम आहे.

त्याबरोबर टाइमआउटही घाला. आयटूसीत एससीएल किती वेळ खाली धरायचा याला मर्यादा नाही, एसएमबसमध्ये (आयटूसीवरच बेतलेली बस) ती २५ ते ३५ मिलिसेकंद आहे. तीच उसनी घ्या. आणि एससीएलचा वरचा काळ तुम्ही तो सोडलात तेव्हापासून न मोजता पिनेवर खरोखर वर दिसला तेव्हापासून मोजा. कुणी क्लॉक ताणला किंवा कडा सावकाश चढली, दोन्ही त्यात सांभाळलं जातं.

उगवती कडा

सिम्युलेशनमध्ये हे तपासताना रीसेट एखाद्या सोयीच्या जागी देऊन थांबू नका. आरटीसीचं मॉडेल रीसेट न करता, वाचनाच्या प्रत्येक बिटावर आणि बिटाच्या चारही भागांत इंजिनला रीसेट देऊन बघा. सात बाइटांची तारीख-वेळ वाचायला दहा बाइट, नव्वद बिट, म्हणजे ३६० जागा. मशीनला रात्रभर लावून द्या. ॲकच्या बिटावरचा रीसेट वेगळा बघा: तिथे उपकरण पत्ता ओळखून एसडीए खाली धरून असतं आणि अजून एकही डेटा बिट गेलेला नसतो.

तरंगलांबी

चाचणीची यादी त्याप्रमाणे बनवते आहे. जायरोच्या इंजिनचं आणि या सुटकेच्या अवस्थेचं आरटीएल (सर्किटचं वर्णन करणारा कोड) लिहून झालं की इथेच टाकते, आकृतीसकट. डोळ्याखालून घालाल ना?

निळी वायर

नक्की. बोर्डाचा लेआउटही टाका. जायरो ठेवाल तिथून त्याचा एससीएल एसपीआयच्या क्लॉकला चिकटून धावणार नाही एवढं आधी बघून घ्या.